बंधारा फुटला तरी गट फुटू नये: शाळेचा प्रकल्प मुलांनी मिळून करताना

सातवीत असताना आमच्या गटाने कोल्हापुरातल्या पंचगंगा नदीवरच्या बंधाऱ्याची प्रतिकृती केली होती. बेकरीतून मागून आणलेला पत्र्याचा ट्रे, त्यात मातीचे पाच खांब, दोन्ही काठांना हिरवा रंगवलेला भुसा आणि उसाच्या जागी रोवलेल्या दूर्वा. माती आणली होती बाईंनी आमच्या गटात नव्यानेच घातलेल्या एका मुलीने. तिच्या घरी गणपती करायचे, त्यामुळे तिला मातीतलं कळत होतं. "ही कच्ची माती हाय, पाणी लागलं की बसंल," असं ती दोनदा म्हणाली. आम्हा तिघींची जुनी गट्टी आणि ती नवी, त्यामुळे तिचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही तांब्याने पाणी ओतलं. चार-पाच मिनिटं सगळं देखणं दिसलं. मग मधला खांब खालून मऊ पडला, एका अंगावर कलला आणि ट्रेमध्ये बसला. त्याच्यामागून बाकीचे. परीक्षक यायला तासभर होता. आमच्यातली एक रडायला लागली, दुसरी म्हणाली, "हिच्याच मातीनं घात केला." ती मुलगी काही बोलली नाही. तिने बाह्या वर केल्या, ट्रेमधला चिखल दोन्ही हातांनी गोळा केला, पाणी पिळून काढलं आणि मला म्हणाली, "दोन फुटपट्ट्या दे. मी करतो, थांब." (आमच्या पेठेत मुलीही 'करतो', 'जातो' असंच बोलायच्या.) दोन लाकडी पट्ट्या ट्रेच्या रुंदीत आडव्या उभ्या केल्या आणि दोन्हींच्या मध्ये तो चिखल अंगठ्याने दाबून दाबून भरला. पुन्हा पाणी ओतलं. ते अडलं. "नदीवर पण असंच असतंय की," ती म्हणाली.

ते खरंच होतं, आणि ते आमच्यापैकी तिलाच ठाऊक होतं. तेव्हापासून आजपर्यंत ती माझी मैत्रीण आहे.

पुढे मी शिक्षिका झाले. वर्षानुवर्षं मुलांचे प्रकल्प बघताना एक गोष्ट पक्की लक्षात आली. ज्या गटाचं काहीतरी मोडलं आणि त्यांनी ते स्वतः सावरलं, ती पोरं दहावीनंतरही एकमेकांना धरून असतात. ज्यांचं आईबाबांनी रात्रीत नीट करून दिलं, त्यांचा गट प्रदर्शनाच्या संध्याकाळी संपतो. म्हणून हा लेख पालकांसाठी आणि नव्या शिक्षकांसाठी. उदाहरणाला मी बंधाराच घेतला आहे, पण पन्हाळ्याची प्रतिकृती असो की गांडूळ खत, रीत तीच.

विषय: मुलांना जाऊन बघता येईल असा

ज्वालामुखी आणि सूर्यमाला दरवर्षी येतात. त्यांच्यावर माझा राग नाही, पण त्यात बिघडलं तर मूल प्रत्यक्ष जाऊन ताडून बघू शकत नाही. आपल्याकडे बघण्यासारखं इतकं आहे की विषय शोधायला लांब जायला नको. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे घ्या. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, दर पावसाळ्यात ही बातमी घरोघर वाचली जाते, पण ते माणसाशिवाय कसे उघडतात हे विचारलं की वर्ग गप्प होतो. गुऱ्हाळातली रसाची चुलाण, कोल्हापुरी चपलेचा तळ, कुंभाराची भट्टी, हे सगळे विषयच आहेत.

माझ्या मते सगळ्यांत चांगला विषय म्हणजे आपल्या गावाचं नाव लावून महाराष्ट्रभर पोहोचलेला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. रचना साधी. नदीत ठरावीक अंतराने खांब, दोन खांबांमध्ये साधारण दोन मीटरचा गाळा, खांबांना उभ्या खाचा. पावसाळा ओसरला की त्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, एकावर एक बसवतात. जुन्या पद्धतीत फळ्यांच्या दोन रांगा असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत माती ठासतात. पुढे बऱ्याच ठिकाणी लाकडाच्या जागी लोखंडी बरगे आले. पावसाळ्याआधी बरगे काढून घेतात, म्हणजे पुराचं पाणी गाळासकट मोकळं निघून जातं आणि बंधारा गाळाने भरत नाही. हिवाळ्या-उन्हाळ्यात अडवलेलं पाणी काठच्या शेतीला उपसा करून मिळतं.

काम सुरू करण्याआधी मुलांना एकदा बंधारा दाखवा. कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा शहराला जवळ. तिथली पाणीपातळी पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात येते: ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत कुणाच्या घरात किती पाणी आलं, कोण कुणाकडे राहायला गेलं, हे बंधाऱ्यावर उभं राहिलं की मुलं आपणहून बोलायला लागतात. त्या गप्पांतून गटाची पहिली वीण बसते. ही भेट डिसेंबर-जानेवारीत ठेवा, बरोबर दोन मोठी माणसं हवीत आणि पाण्यात कुणी उतरायचं नाही. पावसाळ्यात मुलांना बंधाऱ्याकडे नेऊच नका.

गट: चौघांचा, आणि तिघे मित्र असतील तर चौथा नवा

तिघांच्या गटात दोघांची जोडी जमते आणि एक बाजूला पडतो. पाच-सहा जण झाले की दोघे काम करतात आणि बाकीचे त्यांच्या वह्या धरून उभे राहतात. चार हा आकडा मला बऱ्याच वर्षांच्या अनुभवातून पटलेला आहे.

गट करताना शिक्षकांनी मुलांची निम्मी पसंती ऐकावी आणि निम्मी आपली ठेवावी. चौघांत एक तरी मूल असं असावं ज्याला बाकीचे फारसं ओळखत नाहीत: गावाकडून वडापच्या जीपने येणारं, मधल्या सुट्टीत एकटं डबा खाणारं, नुकतंच दुसऱ्या शाळेतून आलेलं. मात्र त्याला 'सांभाळून घ्या' असं बाकीच्यांना सांगू नका. तसं सांगितलं की ते मूल पाहुणं होतं. त्याऐवजी त्याच्याकडे काय आहे ते आधी शोधून ठेवा. एखाद्याच्या घरी सुतारकाम चालतं, एखादीचे आजोबा पाणीवाटपाच्या पाळ्या बघतात, एखाद्याला सायकलची चेन बसवता येते. कामाची सुरुवात त्या गोष्टीपासून व्हावी.

कामं वाटताना 'तुझं अक्षर चांगलं, तू लिही' हे टाळा. चांगल्या अक्षराच्या मुलीने सात वर्षं फक्त तक्तेच लिहिले आणि करवत कधी हातात धरली नाही, अशी उदाहरणं माझ्या वर्गात होती. दर शनिवारी कामं फिरवा. आज सिमेंट कालवणारा पुढच्या खेपेला मोजमाप घेईल.

कुणाच्या घरी, काय खायचं, पैसे किती

यावर पालक बोलत नाहीत आणि मैत्री नेमकी इथेच अडते.

घर आलटून पालटून घ्या, पण कुणाचं घर लहान असेल किंवा घरी आजारी माणूस असेल तर त्या मुलाला कारण सांगायला लावू नका. शाळेचा व्हरांडा, तालमीसमोरचा कट्टा, देवळाचा मंडप यांतलं काहीही चालतं.

खाण्याचं आधी विचारून घ्या. आपल्याकडे एकाच गटात घरी रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा असणारं मूल असतं आणि कांदा-लसूण न खाणारं जैन मूलही असतं. भडंगात लसूण असतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. शेंगदाणे, गूळ, केळी, साधे चुरमुरे ठेवले की चौघेही एका ताटातून खातात. मला विचाराल तर एका ताटातून खाणं हे अर्धं काम आहे.

पैशांची मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवा. माणशी शंभर रुपयांच्या आत बसलं पाहिजे, असा माझ्या वर्गाचा नियम होता. कुणाचे वडील जास्तीचं सामान आणून देतो म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. ज्याच्या पैशाचं सामान जास्त, त्याचा शब्द जास्त, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. हिशेब एका वहीत मुलांनीच लिहावा आणि उरलेले चार-आठ रुपये चौघांत वाटून परत द्यावेत.

वेळ: तीन आठवडे, त्यातला शेवटचा मोडण्यासाठी

पहिल्या शनिवार-रविवारी खांब ओतायचे. मधल्या आठवड्यात त्यांच्यावर पाणी मारायचं. दुसऱ्या शनिवार-रविवारी जोडणी. तिसरा आठवडा पूर्ण मोकळा ठेवा. त्यात चाचणी होईल, गळेल, तुटेल आणि दुरुस्त होईल. बिघडायला वेळच ठेवला नाही तर बिघाड प्रदर्शनाच्या आदल्या रात्री होतो, मुलं झोपलेली असतात आणि हातात एम-सील घेऊन वडील बसतात.

आता बंधारा

थर्माकोलचा विचार सोडून द्या. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, ते एक कारण. दुसरं कारण मुलांना रडवणारं आहे: स्प्रे पेंट किंवा थिनर मिसळलेला रंग लागला की थर्माकोल विरघळतं. सुंदर कापलेला किल्ला रंगवता रंगवता जाळीदार झालेला मी स्वतः पाहिला आहे.

लागणारं सामान असं: बोअरच्या केसिंगच्या आठ इंची प्लास्टिक पाईपचा तीन फुटांचा तुकडा, मधून उभा चिरून त्याचा एक अर्धा भाग (चिरण्याचं काम प्लंबरचं किंवा घरच्या मोठ्या माणसाचं). हीच तुमची नदी. किलोभर सिमेंट, त्याच्या तिप्पट चाळलेली वाळू, अंघोळीच्या साबणाची तीन रिकामी खोकी, आइस्क्रीमच्या वीसेक काड्या, एक जुनी प्लास्टिकची फुटपट्टी, एम-सील, पॉलिश पेपर, चिकटपट्टी, गोडेतेल आणि कुंभाराकडची मूठ-दोन मूठ माती. बापट कॅम्पात किंवा शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत मुलांनी जाऊन मागितली तर माती मिळते आणि तिच्याबरोबर दोन गोष्टी ऐकायलाही मिळतात. मातीसाठी चौघांनी मिळून जावं.

साबणाच्या खोक्याची मोठी बाजू कापून काढा, आतून चिकटपट्टी लावा म्हणजे पुठ्ठा भिजणार नाही, वर तेलाचं बोट फिरवा. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, पाणी थोडं थोडं. कालवण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवं. एक खोकं पूर्ण भरा, तो मधला खांब. दोन खोकी अर्धी भरा, ते काठाचे खांब. सिमेंटने कातडी भाजते, म्हणून हातमोजे हवेत आणि कुणीही ते उघड्या हाताने कालवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा फाडून काढा आणि खांब ओल्या गोणपाटात सात दिवस ठेवा. रोज कुणी पाणी मारायचं याची पाळी लावा. पाळी चुकली तर खांबाचे कोपरे भुगा होऊन पडतात. तो भुगा मुलांना दिसू द्या, तुम्ही गुपचूप पाणी मारू नका.

जोडणीच्या दिवशी पाईपच्या मधोमध वीतभर जागा पॉलिश पेपरने चांगली खरवडा. प्लास्टिकला सिमेंट धरत नाही आणि खरवडलं नाही तर पाणी ओट्याखालून वाट काढतं. तिथे तीन सेंटिमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा ओटा करा आणि तो ओला असतानाच तिन्ही खांब उभे करा, एक मधोमध आणि दोन काठांना. दोन गाळे मिळतील, प्रत्येकी साधारण चार सेंटिमीटरचे. काठाच्या खांबामागची फट उरलेल्या कालवणाने बुजवा. ओटा वाळल्यावर त्याच्या कडेने एम-सीलची वळी दाबा. नदीचं वरचं तोंड फळीच्या तुकड्याने आणि एम-सीलने बंद करा, खालचं मोकळं ठेवून त्याखाली बादली लावा.

खाचा करण्याची एक सोपी युक्ती आहे. खांब कोरायचा नाही. फुटपट्टीचे खांबाच्या उंचीएवढे तुकडे करून खांबाच्या गाळ्याकडच्या अंगावर तीन-तीन उभे चिकटवायचे: एक बारीक, मग फट, मग दीड सेंटिमीटर रुंदीचा, मग फट, मग पुन्हा बारीक. दोन फटी म्हणजे दोन खाचा. आइस्क्रीमच्या काड्या गाळ्याच्या मापाने कापल्या की ते आपले बरगे. मधला रुंद तुकडा जेवढा, तेवढी मातीची जाडी.

इथे जवळजवळ प्रत्येक गट चुकतो. कोरडी काडी धरून फट मोजतात. काडी बसते, सगळे टाळ्या वाजवतात. मग पाण्यात ती फुगते आणि खाचेत अशी अडकते की ओढताना एक तर काडी मोडते नाहीतर पट्टी उखडते. काड्या आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवा आणि भिजलेल्या काडीला पोस्टकार्ड गुंडाळून त्या जाडीची फट सोडा. पण, आणि हे मी पालकांना हात जोडून सांगते, मुलांना हे आधी सांगू नका. अडकू दे. काडी का फुगली हे त्यांनी एकमेकांना विचारू दे. लाकडी बरग्यांचं काय होत असेल आणि लोखंडी बरगे का आले, हा प्रश्न तिथून सुटतो.

चाचणी: गळती मोजा

दिसायला सुंदर बंधारा हा प्रकल्पाचा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे मोजमाप. चार-पाच लिटर पाणी अडवा आणि बादलीत एका मिनिटात किती मिलिलिटर गळतं ते औषधाच्या मापाने मोजा. आधी काड्यांची एकच रांग लावून, मग दोन रांगा पण मधे रिकामं, मग दोन रांगांत माती ठासून. प्रत्येक प्रकार तीन वेळा. मुलांना आपोआप दिसतं की तळच्या काडीपाशी धार जोरात आहे आणि वरच्या काडीपाशी नुसता पाझर. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो हे वाक्य पाठ करून जे समजत नाही, ते बोट त्या धारेपाशी धरल्यावर समजतं.

मोजमाप करताना एक घड्याळ बघतो, एक माप धरतो, एक ओततो, एक लिहितो. चौघांपैकी कुणीही गैरहजर असेल तर काम अडतं, आणि अडलं पाहिजे. "तू आल्याशिवाय होईना" हे एखाद्या एकट्या मुलाने पहिल्यांदा ऐकलेलं असतं.

मोडलं की पहिला तास

एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका गटाचा मधला खांब जोडणीच्या दिवशी खाली पडला आणि मधून दोन तुकडे झाले. ज्याच्या हातून पडला त्या मुलाचे हात तेलकट होते, तेलाची वाटी त्याच्याकडेच होती. तो भिंतीला टेकून उभा राहिला, पांढराफटक. बाकीचे तिघे त्याच्याकडे बघत होते. अशा वेळी मोठ्या माणसाचं पहिलं वाक्य फार महत्त्वाचं असतं.

"कोणी पाडलं?" हे विचारायचं नाही. ते सगळ्यांना दिसलेलं असतं. "अरे देवा, आता काय!" हेही नको. मी त्या दिवशी विचारलं, "काय काय शाबूत आहे?" मुलांनी मोजलं: दोन खांब, ओटा, सगळ्या काड्या, अर्धं सिमेंट. मोजता मोजता श्वास जागेवर आला.

मग पंधरा मिनिटं कामाला हात लावू देऊ नका. हात धुवा, काहीतरी खायला द्या. रडणाऱ्याला 'रडू नकोस' म्हणू नका, पाणी द्या. कुणी रागाने बोललं तर तिथल्या तिथे माफी मागायला लावू नका, ती तोंडदेखली होते. रागाला थोडा वेळ लागतो.

त्यानंतर ज्याच्या हातून मोडलं त्याला दुरुस्तीतलं सर्वांत जोखमीचं काम द्या. बाजूला बसवून ठेवलं तर तो वर्षभर बाजूलाच बसतो. त्या मुलाने नवा खांब ओतला, आणि त्याच्यावर पाणी मारायला तो शाळा सुटल्यावर सात दिवस न चुकता आला. तिसऱ्या दिवसापासून त्याच्याबरोबर दुसरा एक जण यायला लागला, ज्याने त्या दुपारी त्याला सगळ्यांत जास्त सुनावलं होतं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. दोघे गोणपाट भिजवायचे आणि मग अर्धा तास गोट्या खेळायचे.

मोठ्यांनी त्या तासात काय करायचं? खोलीत राहायचं, हात पाठीमागे ठेवायचे. कापणं, विजेचं काम, उंचावरचं काम एवढंच आपलं. बाकी विचारल्याशिवाय नाही. विचारलं तरी आधी "तुम्हाला काय वाटतं?" हे विचारायचं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमच्याकडचं मॉडेल मोडलं, कुणाकडे तयार मिळेल का' असा संदेश टाकायचा मोह होतो. बाजारात तयार प्रतिकृती मिळतात आणि शिक्षकांना त्या पहिल्या नजरेत ओळखू येतात. त्याहून वाईट म्हणजे मुलांना त्या दिवशी कळतं की त्यांच्या हातांवर घरच्यांचा भरवसा नव्हता.

एखादा बिघाड मात्र वेगळा असतो. कुणी मुद्दाम तोडलं, किंवा एकाच मुलाची रोज चेष्टा होते आहे असं दिसलं, तर ते गमतीत काढू नका. त्या मुलाशी एकट्याने बोला, शिक्षकांना सांगा, गरज पडली तर गट बदला. सगळ्याच गटांत मैत्री होत नाही आणि ती करवून घेणं हे आपलं काम नाही.

वही: चुकांना वेगळं पान

प्रकल्पाच्या वहीत 'काय चुकलं' या मथळ्याचं पान ठेवायला लावा. चौघांनी आपापल्या अक्षरात, आपल्या बोलीत लिहावं. 'काडी फुगली, खाच लहान झाली, पट्टी उखडली, पुन्हा लावली' एवढं पुरे. नावं लिहायची नाहीत, फक्त घडलेलं लिहायचं. चांगला परीक्षक हेच पान आधी उघडतो. प्रश्न विचारले की पाठ केलेली उत्तरं अडखळतात, पण मोडलेल्या खांबाबद्दल विचारलं की चौघेही एकदम बोलायला लागतात.

शाळेत नेताना

सगळ्यांत जास्त नुकसान रस्त्यात होतं, गतिरोधकावर. पाणी घरून भरून न्यायचं नाही, चार-पाच लिटर म्हणजे चार-पाच किलो वजन आणि ते हिंदकळतं. पाईप कोरडा करून गोणपाटावर, रिक्षात दोघांच्या मांडीवर आडवा. काड्या काढून डब्यात. बरोबर एक पिशवी ठेवा: एम-सील, काळी टेप, दहा जास्तीच्या काड्या, मग, फडकं आणि प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या मातीचा गोळा. तो गोळा कधीही विसरू नका.

प्रदर्शनानंतर

नंबर येवो न येवो, आठवड्याभरात चौघांना एकदा काही काम नसताना भेटू द्या. रंकाळ्यावर, कुणाच्या अंगणात, कुठेही. प्रकल्पामुळे जवळ आलेली मुलं प्रकल्प संपला की 'आता कशाला जायचं' या संकोचात अडकतात, विशेषतः तो चौथा. पहिलं बोलावणं त्याच्याच घरून आलं तर उत्तम, पण त्यासाठी त्याच्या आईला आधी एक फोन करा.

जमलं तर पुढच्या दिवाळीनंतर त्यांना पुन्हा बंधाऱ्यावर घेऊन जा. बरगे बसवायचं काम चालू असेल तर लांबून, काठावरून बघता येतं. माझी मैत्रीण आणि मी कितीदा तरी गेलो आहोत. फळीला फळी भिडते तो आवाज ऐकला की ती अजूनही माझा हात दाबते.

प्रतिकृती फेकू नका. काड्या उन्हात वाळवून रबर लावून ठेवा, खाचांतली माती टोकदार काडीने काढा, पाईप उभा करून ठेवा म्हणजे आत पाणी साचून शेवाळ येणार नाही. कुणाच्या घरी राहील ते चिठ्ठी टाकून ठरवा. उरलेली माती ओल्या फडक्यात बांधून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवली तर बरेच दिवस मऊ राहते. वाळलीच तर फोडून, रात्रभर भिजवून, पुन्हा मळून घ्या.